चार नांद्रुक आणि एक भिंत

७ ऑगस्ट २०१५, शुक्रवार. हाँगकाँगच्या बॉनम रोडवर महामार्ग खात्याची माणसं करवती घेऊन आली. रस्त्याच्या कडेला एक उंच, जुनी दगडी भिंत आणि तिच्यात वाढलेली चार मोठी झाडं. भिंतीवर नव्हे बरं का, भिंतीत. दगडांच्या फटीत रुजलेली, मुळांच्या जाळ्यात अख्खी भिंत कवटाळून बसलेली. ती पाडणार आहेत हे आजूबाजूच्या लोकांना कळलं तेही त्याच दिवशी. शनिवार उजाडला तेव्हा चारही झाडं गेलेली होती.

एवढीच बातमी. 'झाडं तोडली, नागरिक संतप्त' ही बातमी आपण पुण्या-मुंबईत इतक्या वेळा वाचतो की डोळे आपोआप पुढच्या मथळ्यावर जातात. माझेही गेले असते. पण मजकुरात झाडाचं शास्त्रीय नाव होतं, फायकस मायक्रोकार्पा. तिकडे त्याला चायनीज बनियन म्हणतात. म्हणजे आपला नांद्रुक की! वडासारखाच, पण पानं लहान आणि तुकतुकीत, पारंब्या बेताच्या. आपल्या रस्त्यांच्या कडेला भरपूर आहेत आणि बहुतेक जण त्यांना 'कसलातरी वड' म्हणून सोडून देतात. तर या ओळखीच्या झाडापायी एक वीकएंड गेला, मग दुसरा गेला, आणि शेवटी हा लेख लिहायला बसलो.

सुरुवातीला मीही ठरवून टाकलं होतं की सरकार दुष्ट आणि झाडं बिचारी. वाचत गेलो तसं ते इतकं सोपं राहिलं नाही. झाड कोसळल्यापासून उरलेली चार तोडेपर्यंत दोन आठवडे गेले हे खरं, पण त्या निर्णयाची तयारी त्या डोंगरउतारावर नव्वद वर्षं चालू होती. आणि ती माणसं मरून मरून झालेली आहे.

आधी भिंतीबद्दल. १८४१ मध्ये इंग्रजांनी हाँगकाँग बेट घेतलं तेव्हा त्यांना मिळालं ते एक उत्तम बंदर आणि त्याच्या मागे थेट उभा राहणारा डोंगर. सपाट जमीन जवळपास नाहीच. मग शहर बसवायचं तर एकच उपाय, डोंगराला पायऱ्या पाडायच्या. वरून खोदायचं, खाली भरायचं आणि प्रत्येक पायरीची माती धरून ठेवायला भिंत बांधायची. दगड तिथलाच, ग्रॅनाईट. तो फोडणारे पाथरवटही तिथलेच, आणि हात पक्के. जुन्या भिंतींपैकी बऱ्याच जणींत चुना-सिमेंट जवळपास नाही, घडीव दगड एकावर एक बसवलेले. फटी मुद्दाम मोकळ्या, म्हणजे मागच्या मातीत मुरलेलं पाणी निघून जाईल. आपल्याकडच्या गडांवरच्या तटबंदीत आणि शेताच्या ताली-बांधांमध्ये हेच शहाणपण आहे, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या या वस्तीला मिड-लेव्हल्स म्हणतात. बॉनम रोड तिच्या पश्चिम अंगाला. सॅम्युएल जॉर्ज बॉनम हा १८४८ ते १८५४ हाँगकाँगचा गव्हर्नर होता, त्याचं नाव. या रस्त्याच्या टोकाला हाँगकाँग विद्यापीठाची जुनी मुख्य इमारत आहे, आणि तिचे पैसे दिले होरमसजी मोदी यांनी, मुंबईत जन्मलेल्या एका पारशी गृहस्थांनी. १९१० मध्ये पायाभरणी झाली, १९११ मध्ये मोदी वारले आणि १९१२ मध्ये विद्यापीठ उघडलं. बिचाऱ्यांना ते बघायला मिळालं नाही. (नेपियन सी रोडवर बंगला बांधायचा सोडून माणूस दुसऱ्या देशातल्या डोंगरावर विद्यापीठ बांधतो, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. असो, विषय झाडांचा आहे.)

तर अशा फटीफटीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि मग पक्षी आले. बुलबुलाने किंवा वटवाघळाने नांद्रुकाचं फळ खायचं आणि भिंतीवर बसून बी टाकायचं. वड-पिंपळाच्या गोतावळ्याला रुजायला जमीन लागत नाही, चिमूटभर धूळ आणि ओल पुरते. आपल्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवतो तो असाच. फरक एवढाच की आपल्याकडे तो हातभर वाढला की कोणीतरी उपटतो, किंवा उपटायचा नाही म्हणून हात जोडतो. हाँगकाँगमध्ये ही झाडं वाढत राहिली. एक मूळ फटीतून आत, मागच्या मातीत. बाकीची दगडांच्या सांध्यांतून खाली उतरत फुटपाथपर्यंत. तिथल्या विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक जिम ची-युंग यांनी १९९० च्या दशकात शहरभर हिंडून या झाडांची मोजदाद केली. पाचशेच्या वर भिंती आणि हजाराच्या वर झाडं. यातलं एकही झाड कोणी लावलेलं नाही. शहर नियोजनाचा कुठलाही आराखडा काढा, त्यात ती नाहीत. आमच्या भाषेत, स्पेसिफिकेशनमध्ये नसलेलं फीचर, पण युजर्सचं सगळ्यात लाडकं.

आता दुसरी बाजू. ती कमी गोड आहे.

१७ जुलै १९२५ ला, मुसळधार पावसात, मिड-लेव्हल्सच्या खालच्या अंगाला असलेल्या पो हिंग फाँग या गल्लीवर वरची संरक्षक भिंत कोसळली. खालची घरं गाडली गेली, सत्तरहून जास्त माणसं मेली. भिंत कशीही दणदणीत दिसली तरी तिच्या मागे पाणी साठलं की ती भिंत राहत नाही, हा धडा हाँगकाँगने त्या दिवशी शिकायला हवा होता. फारसा शिकलं नाही. पुढे युद्ध आलं, जपान्यांचा ताबा आला, सरपणासाठी डोंगर बोडके झाले. मग चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले, आणि जिथे जागा मिळेल तिथे डोंगर कापून इमारती उभ्या राहिल्या.

मग १८ जून १९७२. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. त्या दुपारी समुद्राच्या पलीकडे, काउलूनमधल्या साउ माउ पिंग इथे भरावाचा उतार सुटला आणि ७१ माणसं गेली. त्याच रात्री नऊच्या सुमाराला मिड-लेव्हल्समध्ये, पो शान रोडच्या वरचा डोंगर निघाला. वर एका बांधकामासाठी उतार कापलेला होता. ती माती खाली कोटवॉल रोडवर आली आणि बारा मजली इमारत आडवी झाली. ६७ माणसं. एका दिवसात दोन ठिकाणी मिळून १३८. बॉनम रोडपासून ही जागा लांब नाही. चढ चढायची तयारी असेल तर पायी जाता येईल इतकी जवळ. (कोटवॉल हे नावही आपल्या ओळखीचं वाटलं ना? रॉबर्ट कोटवॉल, वडील पारशी, आई चिनी. म्हणजे मुळात आपले कोतवालच.)

चार वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, साउ माउ पिंगला पुन्हा दरड आली आणि आणखी १८ जण गेले. तेव्हा मात्र सरकार हललं. १९७७ मध्ये जिओटेक्निकल कंट्रोल ऑफिस नावाचं खातं निघालं. काम एकच, डोंगरउतार सांभाळणं. या खात्याने जे केलं ते वाचताना माझ्यातला डेटाबेसवाला अक्षरशः सुखावला. हाँगकाँगमधला माणसाने कापलेला, भरलेला किंवा भिंत घालून धरलेला प्रत्येक लक्षणीय उतार त्यांनी नोंदवला. आज ती नोंद सुमारे ६०,००० उतारांची आहे. प्रत्येकाला स्वतःचा नंबर. आधी नकाशाच्या पानाचा क्रमांक, मग एक अक्षर आणि मग अनुक्रमांक. कापलेल्या उताराला सी, भरावाला एफ, संरक्षक भिंतीला आर. आणि हा नंबर नुसता फाईलीत नाही, उतारावर धातूची छोटी पाटी ठोकलेली असते! पुढे १९९० च्या दशकात जमीन खात्याने प्रत्येक उताराची देखभाल नक्की कोणी करायची हेही एकेक करून ठरवलं. सरकारी असेल तर कुठल्या खात्याने, खाजगी असेल तर कुठल्या सोसायटीने. आपल्याकडे गटार कोणाचं यावर दोन महापालिका दहा वर्षं भांडू शकतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या कामाची किंमत कळते.

मिड-लेव्हल्सवर तर खास नजर होती. १९७९ मध्ये तिथे नव्या बांधकामांना तात्पुरती बंदीच घातली. जमिनीत भोकं पाडून भूजल मोजलं, मातीचा अभ्यास केला. १९८२ मध्ये बंदी उठली, पण तो सगळा भाग कायद्याने वेगळ्या यादीत गेला आणि तिथे जमिनीला हात लावायचा तर जास्तीची तपासणी आली. म्हणजे माणसं राहतात, जागेचे भाव गगनाला भिडलेत, पण पायाखालचा उतार सरकारच्या डोळ्यासमोरून हलत नाही, अशी ही वस्ती.

आणि तरीही २३ जुलै १९९४ ला केनेडी टाउनमधल्या क्वुन लुंग लाउ या वसाहतीत एक जुनी दगडी भिंत कोसळली. पाच जण मेले. कारण? जमिनीखालच्या गळक्या वाहिन्यांचं पाणी भिंतीमागे मुरत होतं, आणि भिंत धरून चालले होते त्यापेक्षा बरीच पातळ निघाली. समोरून दगड तोच, उंची तीच. मागे किती जाडी आहे हे कोणी भोक पाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. 'दिसतंय ना चांगलं चालतंय, मग हात कशाला लावायचा' या वाक्यावर चाललेला कोड ज्याने सांभाळलाय त्याला इथे पोटात गोळा आल्याशिवाय राहणार नाही. त्यानंतर शहरातल्या सगळ्याच जुन्या दगडी भिंती संशयित झाल्या. आणि त्यातल्या कित्येकांत नांद्रुक होते.

झाडांच्या नियमांचा इतिहास मात्र फार उशिरा सुरू होतो. २००४ मध्ये 'जुनी आणि मौल्यवान झाडं' अशी यादी केली, सुमारे पाचशेची. तिथली जवळपास सगळी जमीन सरकारची, भाडेपट्ट्याने दिलेली. पट्ट्याच्या करारात बरेचदा एक कलम असतं की परवानगीशिवाय झाड तोडायचं नाही. इमारतीच्या मागच्या उतारावरचं झाड धोकादायक वाटलं तर सोसायटीने तज्ज्ञाचा अहवाल जोडून अर्ज करायचा, आणि परवानगीबरोबर बदल्यात झाडं लावायची अट येते. अगदी आत्ता पडेल असं असेल तर आधी फोटो काढा, तोडा आणि मग कळवा. कागदावर सगळं ठीक. पण उतारांसाठी जसं एक खमकं खातं होतं तसं झाडांना नव्हतं. ज्या खात्याची जमीन त्याचंच झाड, असा हिशोब. म्हणजे रस्त्याकडेच्या भिंतीतला नांद्रुक रस्तेवाल्या इंजिनियरांच्या ताब्यात.

२७ ऑगस्ट २००८ ला स्टॅन्ली या भागात, भर बाजारात एक जुना पांगारा कोसळला. हो, आपला लाल फुलांचा पांगाराच. १९ वर्षांची एक विद्यार्थिनी गेली. झाड आतून कुजलेलं होतं. या एका मृत्यूने शहर हादरलं, मुख्य सचिव हेन्री टँग यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट बसला, २००९ मध्ये अहवाल आला आणि २०१० मध्ये वृक्ष व्यवस्थापन कार्यालय सुरू झालं. उतारांसाठी शेकड्यांनी बळी गेल्यावर जे झालं ते झाडांसाठी एका बळीवर झालं. पण नव्या कार्यालयाच्या हातात स्वतंत्र वृक्ष कायदा काही आला नाही. मार्गदर्शक सूचना आल्या, तपासणीचे फॉर्म आले. झाडं ज्या त्या खात्याकडेच राहिली.

मग ऑगस्ट २०१४. मिड-लेव्हल्समधल्याच रॉबिन्सन रोडवर, एका खाजगी निवासी इमारतीच्या उतारावरचं झाड कोसळून खालून चाललेली एक गरोदर बाई मृत्यू पावली. ते झाड धोकादायक आहे हे कोणी बघायचं होतं, हा प्रश्न लगेच आला. सोसायटीने? जमीन खात्याने? वृक्ष कार्यालयाने? उताराची पाटी होती, झाडाची नव्हती.

हे सगळं डोक्यात ठेवून आता २२ जुलै २०१५ ला बॉनम रोडवर येऊ. बुधवार होता. त्या चार झाडांच्या जवळचाच भिंतीतला एक नांद्रुक रस्त्यावर कोसळला. दोन जण जखमी झाले, रस्ता बंद पडला. कोणी मेलं नाही, पण ते निव्वळ नशीब. त्या रस्त्यावरून डबलडेकर बस धावतात, शाळा आहेत, विद्यापीठ आहे. उरलेल्या चार झाडांची तपासणी सुरू झाली, आणि भिंतीत तडे आढळल्याचं खात्याने सांगितलं.

इथे थोडं यंत्रशास्त्र, कारण खरा पेच त्यातच आहे. सपाट जमिनीवरचं झाड चारी बाजूंना मुळं पसरतं आणि त्यावर उभं राहतं. भिंतीतल्या झाडाला ही चैन नाही. त्याला पकड मिळते फक्त मागे, भिंतीआडच्या मातीत. फांद्या मात्र उजेडाच्या दिशेने पुढे, रस्त्यावर झुकतात. मागच्या अंगाला इमारत असेल तर तिथल्या फांद्या रहिवासी छाटायला लावतात, खालच्या फांद्या बसला लागतात म्हणून छाटल्या जातात. उरतं ते एका बाजूला कललेलं, वर जड झालेलं झाड. वादळ आलं की वाऱ्याचा सगळा हिसका त्या मागच्या मुळांवर. ती सुटली तर झाड एकटं पडत नाही, मिठीत धरलेले दगडही घेऊन पडतं. हे झालं भिंतवाल्या इंजिनियरचं म्हणणं.

झाडवाल्याचं म्हणणं याच्या बरोबर उलट, आणि तेही खरं. सांध्यांतून विणत गेलेली मुळं दगडांना जाळीसारखं बांधून ठेवतात. शंभर वर्षांत ज्या भिंतीचं सिमेंट असं काही नव्हतंच तिचं सिमेंट म्हणजे हा नांद्रुक. तो तोडला की मुळं लगेच नाहीशी होत नाहीत, पण काही वर्षांत कुजतात, आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहतात. म्हणजे झाड काढून धोका गेला असं नाही, तो फक्त पुढच्या कोणाच्या तरी कार्यकाळात ढकलला. म्हणून तर अशा झाडाचं बूड उपटून काढत नाहीत, बुंधा आणि मुळं भिंतीतच ठेवावी लागतात. उपटलं तर भिंतही हातात येईल.

मग नक्की काय खरं, झाड भिंतीला धरून आहे की भिंत झाडाला? आमच्याकडे याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात, आणि ती सोडवायचा मार्ग म्हणजे दोन्ही मॉड्यूल उघडून बघणं. इथे उघडता येत नाही. झाडाच्या खोडात आवाजाच्या लहरी सोडून आतली कूज बघता येते. पण भिंतीमागची मुळं? ती शाबूत आहेत की सडलीत हे बाहेरून दाखवणारं भरवशाचं यंत्र नाही. आणि भिंत पक्की करायची तर तिथली रुळलेली पद्धत म्हणजे उतारात आडव्या पोलादी सळ्या ठोकणं. त्या ठोकताना तुटणार ती हीच मुळं. रूट कॉज अॅनालिसिस हा शब्द मी हजार वेळा वापरला असेन, इतक्या शब्दशः अर्थाने तो कधी समोर आला नव्हता.

तरी अधले-मधले मार्ग होते. फांद्यांचा भार हलका करणं, झाडाला पोलादी दोरांनी मागे बांधणं, खालून टेकू देणं, तोवर फुटपाथ बंद ठेवणं. वाचवता येतील असं म्हणणाऱ्यांत खुद्द जिम होते, म्हणजे ज्या माणसाने ही झाडं आयुष्यभर मोजली तोच. दुसरीकडे फाईलवर सही करणारा अधिकारी. त्याच्या डोळ्यांसमोर काय असेल? २००८ चा पांगारा, गेल्याच वर्षीचा रॉबिन्सन रोड, दोन आठवड्यांपूर्वीचं शेजारचं झाड. शिवाय सौदेलोर हे मोठं वादळ त्याच शनिवारी तैवानवर आदळणार होतं. झाड वाचवलं आणि ते उभं राहिलं तर त्याचं अभिनंदन करायला कोणी येणार नाही. पडलं तर चौकशी समितीसमोर उभा तोच. 'पडेल' हे सिद्ध करायची जबाबदारी कोणावर नव्हती, 'पडणार नाही' हे सिद्ध करायची मात्र त्याच्यावर होती, आणि ते सिद्ध करणं वर सांगितलं तसं अशक्य.

खरं सांगायचं तर त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही बहुधा सही केली असती. माझा राग तोडण्यावर नाही, तोडण्याच्या पद्धतीवर आहे. २२ जुलै ते ७ ऑगस्ट म्हणजे सोळा दिवस. झाड इतकं तातडीने धोकादायक होतं तर हे सोळा दिवस लोक खालून कसे चालत होते? आणि सोळा दिवस थांबता आलं तर त्यातले चार दिवस रहिवाशांना, जिमना, कोणाला तरी कागद दाखवायला का नाही मिळाले? शुक्रवारी जाहीर करायचं आणि शुक्रवारीच करवत चालवायची. आमच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावू नये असा अलिखित नियम आहे. जो लावतो त्याला एक तर खात्री नसते, नाहीतर कोणी प्रश्न विचारायला नको असतात.

लोक चिडले ते यामुळेच. झाड पडतं, तोडावंही लागतं, हे वादळांच्या शहराला शिकवावं लागत नाही. पुढे २०१६ मध्ये तिथल्या लोकपालांनी सरकारच्या एकूणच वृक्ष व्यवस्थापनावर अहवाल दिला आणि वृक्ष कायद्याचा विचार करा असं सुचवलं. त्याच वर्षी खाजगी जागेतल्या झाडांच्या देखभालीची पुस्तिका निघाली. सोसायट्यांनी वर्षातून झाडं तपासून घ्यावीत, तज्ज्ञ बोलवावा, वगैरे. पुस्तिका. कायदा नव्हे. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये मांगखूट वादळ आलं तेव्हा झाडं पडल्याच्या साठ हजारांहून जास्त तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यानंतर झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज आणखी खाली गेला असेल तर नवल नाही.

पण वेगळंही घडू शकतं, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. बॉनम रोडवरून पश्चिमेला केनेडी टाउनला जा, जिथे १९९४ ची भिंत पडली होती त्याच भागात. तिथे फोर्ब्स स्ट्रीटवर एक जुनी दगडी भिंत आहे आणि तिच्यात एका ओळीत वीसहून जास्त भिंतझाडं. मेट्रोची लाईन तिकडे न्यायची ठरली तेव्हा स्टेशन नेमकं या भिंतीच्या अंगावर येत होतं. लोकांनी आवाज उठवला, आराखडा बदलला, स्टेशन सरकवलं आणि भिंत झाडांसकट राहिली. स्टेशन सुरू झालं २८ डिसेंबर २०१४ ला, म्हणजे बॉनम रोडच्या करवतीच्या आधी जेमतेम सात महिने. तेच शहर, तेच सरकार, तीच झाडाची जात. फरक इतकाच की तिथे प्रश्न ड्रॉइंग बोर्डावर असताना विचारला गेला, इथे झाड पडल्यावर.

आणि एक शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. १९७२ नंतर, आणि ९४ नंतर जास्तच, जुन्या दगडी भिंतींची डागडुजी झाली. त्यातलं नेहमीचं काम म्हणजे दगडांमधल्या फटी सिमेंटने भरून घेणं. सुरक्षेसाठी बरोबरच आहे, आणि पाण्याला वाट म्हणून नळ्या बसवतात. पण त्यामुळे बी पडायला फट उरली नाही. फोर्ब्स स्ट्रीटचे असोत की आणखी कुठले, आज भिंतीत जे नांद्रुक उभे आहेत ते सगळे त्या मोकळ्या फटींच्या काळातले. बुलबुल अजून येतात, फळंही खातात, बी टाकतात ते सिमेंटवर.